कठड्याचं माप

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "माझ्यावर काय लिहायचंय? महिनाभरात एक मासा तरी धरलाय का मी?" पण आज धक्क्यावरून आले आणि राहवेचना, म्हणून घाईघाईत लिहून टाकतेय.

तर मास्तर. शाळेतले नव्हेत हं, शिंपी. चाळीस वर्षं मशीन चालवलं, मग दुकान मुलीच्या हाती दिलं आणि रोज सकाळी समुद्रावरच्या सार्वजनिक धक्क्यावर गळ टाकून बसायला लागले. बसायलाच, कारण गुडघ्यांनी कधीचाच संप पुकारलाय. बुटकं स्टूल, कठड्याला टेकवलेली काठी, पाण्यावर डुलणारं लाल बूच आणि शेजारी रिटायर झालेला पोस्टमन. दोघं सकाळभर एकमेकांना टोचत बसणार. मास्तर खूश.

आणि मग पालिकेनं जुना कठडा काढून नवा बसवला. चकचकीत, पण उंच! स्टुलावर बसलं की वरचा पाइप थेट मास्तरांच्या कपाळासमोर. काठी टेकवायची कुठे? बूच दिसायचं कसं? उभं राहून बघितलं, तर दहा मिनिटांत पाय लटपटले. संपलं. चार दिवस घरीच.

चौथ्या दिवशी काकू, म्हणजे त्यांची बायको, कावल्या. "अहो, माझी भांडी उंचीप्रमाणे कशाला लावलीत? मला झारा सापडत नाहीये! जा ना कुठेतरी!"

पाचव्या दिवशी मास्तर गळ्यात टेप अडकवून धक्क्यावर हजर.

पोस्टमन म्हणाला, "कुणाचा सूट शिवताय?"

"कठड्याचा. कुणीतरी बिनमापाचा शिवलाय. कोपर दुमड."

मग जे जे बसून गळ टाकतात त्या सगळ्यांची मापं घेतली. स्टूलवाले, खुर्चीवाले, एक चाकाच्या खुर्चीतले काका. अकरा जणं. जमिनीपासून कोपरापर्यंत किती, डोळ्यांपर्यंत किती, सगळं एका खाकी कागदावर टिपलं. एका आजींनी टेप बघून पोट आत ओढलं.

"आजी, कंबर नाही मोजत. श्वास सोडा!"

तो कागद घेऊन मास्तर पालिकेच्या बागखात्याच्या ऑफिसात गेले, धक्का त्यांच्याकडेच येतो. तिथल्या इंजिनीयर बाई कागदाकडे बघतच राहिल्या. "काका, तक्रारी रोज येतात. मापं पहिल्यांदाच आली."

दीड महिन्यात धक्क्याच्या टोकाला दहा पावलांचा कठडा खाली आला, वर रुंद फळी. बाई स्वतः बघायला आल्या. मास्तर बसले, फळीवर कोपर ठेवलं आणि खांदा कानाला लागला. उंच!

बाईंचा चेहरा पडला. "तुमच्या कागदाप्रमाणेच केलंय हो."

मास्तरांनी टेप लावला. कागद बघितला. परत टेप लावला. मग कपाळावर हात मारला. अकराही मापांत दोन इंच जास्त! चाळीस वर्षांची सवय, कुठलंही माप लिहिताना शिवणीत माया सोडायची. पोरं वाढतात, माणसं सुटतात. कोपर कुठे वाढतंय?

पोस्टमन हसून हसून कठड्यालाच लटकला. "मास्तर, उसवा आता!"

मास्तर बाईंना "तुमची चूक नाही हो" म्हणाले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी स्टुलावर उशी. जुन्या पडद्याची, बरोब्बर दोन इंच जाड. कोपर फळीवर आरामात, बूच समोर. आठवड्याभरात अकरा जणांच्या बुडाखाली अकरा उशा! आजींना तर फुलाफुलांची.

मासा? छे. "बूच दिसतंय ना, झालं," म्हणतात. काकू पण खूश, झारा सापडलाय.

सकाळी दहापर्यंत तिथेच असतात. खरंच जा, आणि या आठवड्यातच जा. बारावी उशी शिवून ठेवलीये, कोण येईल त्याच्यासाठी. फक्त टेप काढला तर पोट आत ओढू नका.