सासूबाईंचा हात, माझा अंगठा

द्वारका चौकात स्कूटरवरून पडले आणि डाव्या पायाची नडगी पार सोलून निघाली. जखम भरतेय म्हणेपर्यंत तिच्या खालची रक्तवाहिनी फुगली. हात ठेवला की गाठ टकटक उडायची. "असं फार क्वचित होतं," सर्जन म्हणाले, तेही माझं अभिनंदन केल्यासारखं. फुगलेला भाग काढून त्यांनी तिथे दुसऱ्या पायातली शीर जोडली आणि उघड्या हाडावर पोटरीचं मांस फिरवून बसवलं. मग बजावलं, "बोटं गरम राहिली पाहिजेत. गार पडली तर लगेच हाक मारा, नाहीतर पाय जाईल."

नर्स तपासायची, मधल्या वेळात नवरा. तो औषधं आणायला गेला की पाळी नामपूरहून आलेल्या सासूबाईंची. आता सासूने सुनेच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय! मी कासावीस.

"आई, तुम्ही नका ना. मला पाप लागेल."

"मी आंगठाले हात लावस, पायले नही," त्यांनी निकाल दिला.

पण सवय कुठे जाते? पायाला लागलेला हात आपसूक कपाळाला जायचा. मग जीभ चावायच्या. शेजारच्या खाटेवरची बाई एकदा मला हात जोडून म्हणाली, "ताई, आमालाबी आशीर्वाद द्या की!" अख्खा वॉर्ड खो-खो हसला. सासूबाईंनी डोळे वटारले आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच केलं.

एका दुपारी मात्र त्यांचा हात अंगठ्यावरच थांबला. "थंडा पडी गया!" ओरडत त्या अनवाणीच नर्सकडे धावल्या. जोडलेल्या शिरेत गुठळी झाली होती. मला तडक ऑपरेशनला नेलं. गुठळी वेळेत निघाली आणि पाय राहिला.

घरी आले तेव्हा उंबऱ्याशीच मी त्यांच्या पाया पडायला गेले, पण वॉकर सोडून वाकताच येईना. "ऱ्हाऊ दे," म्हणत त्या स्वतःच गुडघे धरून खाली बसल्या. अंगठा चाचपला.

"गरम शे."

मग तो हात त्यांनी कपाळाला लावला. माझ्याकडे बघत, सावकाश. या खेपेला जीभ चावली नाही. मी तिथेच रडायला लागले.