दोन घावांचे पहारेकरी

माझे अण्णा सुप्याला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. आम्ही देवळाली प्रवरेला. त्यांना सुट्टी फक्त गुरुवारी. सकाळी यायचे, जेवून घटकाभर टेकायचे, की चारच्या एसटीनं परत. माझ्या वाट्याला येणारा बाप एवढाच.

नव्वदीतल्या एका मे महिन्यात मामानं टीव्हीवर खेळायचा गेम आणला, सोबत तीन कॅसेटी. एकाच गोष्टीचे तीन भाग. आपण योद्धा व्हायचं, गावोगाव लढून ताकद वाढवायची आणि शेवटी राजवाड्यातल्या दुष्ट राजाला गाठायचं. राक्षस नाना तऱ्हेचे. पण माणसांतले पहारेकरी तिन्ही भागांत सारखेच नेभळट: निळी टोपी, हातात भाला आणि दोन घावांत आडवे. मी त्यांना दणादण लोळवायची. फुकटची ताकद, कोण सोडतंय!

एका गुरुवारी अण्णा शेजारी येऊन बसले. राक्षस मरत होते तोवर ते नुसते बघत होते. पहारेकरी आला तसे म्हणाले, "ह्याला कशापायी मारती गं? ह्यो तर डूटीवर हाय." वर त्याला बसायला खुर्ची दिलीय का, हेही विचारलं. मी हसून हसून लोळले. पण तेव्हापासून अण्णांसमोर पहारेकरी आला, की मी लढाई सोडून पळ काढायची. आठवडाभर मारायचे आणि गुरुवारी सोडायचे, असला आमचा दयाळूपणा! अण्णांना मात्र ते खरंच वाटायचं. ते मांडी घालून बसायचे, मधूनच माझ्या केसांतून हात फिरवायचे. मला दुसरं काही नको होतं.

सुट्टी संपत आली असताना एका गुरुवारी मी तिसऱ्या भागात राजवाड्याच्या दाराशी पोचले. आता तासाभराचंच काम होतं, आणि अण्णांनी पिशवी उचलली. मी मुलखाची हट्टी. म्हटलं, शेवट बघून उद्या जा.

"बदलीवाला सकाळधरनं उभा हाय," ते म्हणाले. "मी गेल्याबिगर त्याला गेट सोडता येत न्हाई."

कोण कुठला तो! त्या न पाहिलेल्या माणसाचा मला असा काही संताप आला, की दाराशी उभा असलेला पहारेकरी मी अण्णांकडे बघत बघत मारला. दोन घाव. अण्णांनी चपला घातल्या आणि ते गेले.

दिवस मावळायच्या आत राजा मेला. वाजंत्री झाली, पडद्यावर नावं सरकली. शेजारी कुणी नव्हतं. मला रडू फुटलं. आईला वाटलं, पोरगी हरली.

पुढच्या गुरुवारी अण्णांनी आल्या आल्या विचारलं, "संपला का गं तुझा खेळ?"

न्हाई म्हटलं, अजून लई बाकी हाय. ते शेजारी टेकले आणि मी तोच भाग पहिल्यापासून सुरू केला. पुढे शाळा उघडली तरी गुरुवारी मी काहीतरी निमित्त काढून लवकर घरी यायची. राजवाडा जवळ आला, की मुद्दाम वाट चुकायची. अण्णा म्हणायचे, चुकली बघ, आणि आणखी जरा सरसावून बसायचे.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या राजाचं काय झालं, हे त्यांना मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही. नुसतं चार वाजेपर्यंत कुणी त्यांना शेजारी आणून बसवा, मी अजूनही वाट चुकायला तयार आहे.