दादाचे पाय पश्चिमेकडे

दादा गेल्याचा निरोप शेजाऱ्यांच्या फोनवर आला तेव्हा माझी अर्धी दाढी व्हायची होती. "या भाऊजी लवकर," एवढंच रूथवहिनी म्हणाली. मी घरी परतलो, आरशासमोर उभा राहिलो आणि उरलेली दाढी पूर्ण केली. नीट केली, कुठे कापलंसुद्धा नाही. मग चहा घेतला. सख्खा मोठा भाऊ गेल्यावर माणूस असं करतो, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं... आता दीड महिना होत आला, पण मी अजून त्या आरशासमोरच उभा आहे असं वाटतं. रडू आलेलं नाही. येईल म्हणतात.

आम्ही नागपूरचे मराठी ख्रिस्ती. चर्चला देऊळ म्हणणारे आणि रोज संध्याकाळी बायबल उघडल्याशिवाय ताटावर न बसणारे. दादा बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होता, मी शाळेत इतिहास शिकवायचो. रविवारी तो देवळातल्या लहान मुलांचा वर्ग घ्यायचा आणि फळ्यावर यरुशलेमच्या मंदिराचा नकाशा असा मापात काढायचा की त्या नादात गोष्ट सांगायची राहून जाई. त्याला एकच मुलगी, लिली. एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीला, पहिलीत असताना, तापानं गेली. आमच्या कबरस्तानात तिला ठेवली. पाळकसाहेब म्हणाले, पोर झोपली आहे, तुतारी वाजेल तेव्हा उठेल. आमच्यात पाय पूर्वेकडे करून पुरतात. प्रभू पूर्वेकडून येणार, तेव्हा उठणारा त्याच्यासमोरच उभा राहावा, म्हणून. वहिनीनं पाळकसाहेबांचं ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं धरून ठेवलं. दादाची मात्र त्याच वाक्यानं झोप उडाली. पावसाची झड लागली की तो खिडकीशी जाऊन उभा राही. एकदा मला म्हणाला, "ती तिथं चिखलात निजून राहिली अन् मी इथं रजई घेऊन राहिलो. अजून किती दिवस निजून राहीन गा ती?" मी पडलो इतिहासाचा मास्तर. मागचं सांगता येतं, पुढचं कुठून सांगू...

काही वर्षांनी ऑफिसातल्या एका सोबत्यानं त्याला धंतोलीत बहाई धर्माच्या लोकांच्या बैठकीला नेलं. तिथे पुजारी नाही, पाळक नाही, एका साध्या खोलीत पाचदहा माणसं बसलेली. एका म्हाताऱ्या इराणी बाईनं त्याला सांगितलं की आत्मा तुतारीची वाट पाहत मातीत पडून राहत नाही, पुढच्या वाटेला केव्हाच लागलेला असतो. उठणं असतं ते त्याचं, हाडांचं नव्हे. त्या दिवसापासून दादाला झोप लागू लागली. हे मला वहिनीनंच सांगितलं, आणि सांगताना ती खूश होती की घाबरलेली, ते मला तेव्हा कळलं नाही.

मग त्यानं बायबल पहिल्या पानापासून नव्यानं वाचायला घेतलं, आणि आमचे वाद सुरू झाले. ते वीस वर्षं पुरले. रविवारी मी आणि वहिनी देवळातून त्याच्या गड्डीगोदामच्या घरी येईपर्यंत त्यानं मटण शिजवून ठेवलेलं असे. पहिल्या घासाला मी सुरुवात करायचो. बायबलात स्वच्छ लिहिलंय की तो मेघांवर बसून येईल आणि सगळे डोळे त्याला पाहतील, तुझे बहाई म्हणतात तो शंभर वर्षांपूर्वीच इराणात येऊन गेला, मग माझे डोळे काय गहाण पडले होते? दादा शांतपणे पोळी मोडायचा. मेघ म्हणजे सूर्य झाकतं ते, म्हणजे आपल्याच ठाम कल्पना, असं त्याचं म्हणणं. येशू स्वतःला स्वर्गातून उतरलेला म्हणाला आणि लोकांना तर तो सुताराच्या घरातून येताना दिसला, तेव्हाही शास्त्र जाणणारेच फसले. मी बायबलातलं 'प्रेषितांची कृत्यं' काढायचो, गेला तसाच परत येईल असं दूतांनीच सांगितलं म्हणून. तो दानीएल संदेष्ट्याचं पुस्तक काढायचा आणि दिवसांची वर्षं करून त्या येण्याच्या सालाचं गणित मांडायचा. ड्राफ्ट्समनच तो! त्याचं गणित जुळायचं, याचाच मला जास्त राग यायचा. येशूला सोडलंस, असं मी एकदा म्हणालो तेव्हा मात्र तो दुखावला. म्हणाला, सोडलं नाही, आधीपेक्षा जास्त धरलंय.

बहाई झाल्यावर दुसऱ्या मंडळीत नाव ठेवता येत नाही. लपवाछपवी त्याच्या स्वभावात नव्हती. त्यानं आपण होऊन पाळकसाहेबांना कळवलं. म्हातारे पाळकसाहेब त्याला परत वळवायला घरी आले. माणूस प्रेमळ. त्यांनी बजावलं की नाव निघालं तर लिलीशेजारची जागाही गेली, आमच्या कबरस्तानात मंडळीबाहेरच्याला ठेवत नाहीत. दादा म्हणाला, ठाऊक आहे. मग त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला. याईराच्या मुलीचं काय? प्रभूनं हात धरून, मुली ऊठ, म्हटलं आणि मेलेली पोर उठून चालू लागली. तीही तुमच्या लेखी नुसती कल्पनाच का?

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ही तिची गोष्ट. लिली गेल्यापासून ती दुसरी कुठली वाचत नव्हती. दादाकडे उत्तर होतं. त्यानं ते मला कितीदा ऐकवलं होतं, की ज्यांच्या आत विश्वास मेलेला असतो ते जिवंत होतात, त्याची ही गोष्ट आहे. त्यानं एकदा दाराकडे पाहिलं आणि म्हणाला, "याचं उत्तर मी नाही देत." पाळकसाहेबांना वाटलं, गडी निरुत्तर झाला. पुढच्या रविवारी त्याचं नाव मंडळीतून काढल्याचं देवळात वाचून दाखवलं.

त्यानंतर ती दोघं कशी राहिली, हे मी जवळून पाहिलं आहे. तो तिला देवळाच्या फाटकापर्यंत पोचवायचा आणि मागे फिरायचा. मार्चमध्ये त्याचे उपास असत, तेव्हा ती तांबडं फुटायच्या आत उठून त्याला गरम भाकरी करून घालायची. नाताळचा कंदील तोच बांधायचा. लिलीच्या दगडावर 'पुनरुत्थानाच्या आशेने' अशी अक्षरं होती. ती पुसट झाली की दादा ब्रश घेऊन बसायचा आणि काळ्या रंगानं एकेक काना रेखून काढायचा. तुझा तर यावर विश्वास नाही, असं मी त्याला डिवचलं होतं. "तिचा हाय न," तो म्हणाला आणि वेलांटी पूर्ण केली.

तो गेला त्या सकाळी मी दाढी करून पोचलो आणि लगेच कामाला लागलो. काम असलं की बरं असतं. मी मंडळीचा पंच, नवे पाळक तरुण आणि समजूतदार. त्यांनी वाट काढली. वहिनी मंडळीतली, म्हणून तिच्या नावावर दादाला लिलीशेजारची जागा द्यायची, विधी आपल्या पद्धतीनं करायचा, आणि तो बहाई होता हा विषय कोणी काढायचा नाही. मला अगदी हायसं वाटलं. माझा दादा घरी परत येत होता. बहाई मंडळी अंगणात बसली होती. वहिनी म्हणेल ते आम्हाला मान्य, असं त्यांनी सांगितलं. मी आत जाऊन वहिनीला ही गोष्ट जवळजवळ आनंदानं सांगितली.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाळकसाहेबानं विचारलं तवा त्यायनं उत्तर देलं नाई. मले माहीत होतं ते उत्तर, भाऊजी. मी रोज ऐकत होती तुमचं दोघायचं. माझ्यासाठी त्यायनं तोंड बंद ठेवलं, अन् पोरीजवळची जागा घालवली. आता ते बोलू शकत नाई, त मी त्यायच्या तोंडात आपलं उत्तर टाकू का?"

कामठी रोडच्या अंगाला त्या लोकांनी दफनासाठी घेतलेला जमिनीचा लहानसा तुकडा आहे. त्यांनी दादाला आंघोळ घातली, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून पेटीत ठेवलं. एका कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंनी उभं राहून प्रार्थना म्हटली, बाकी सगळे उभ्यानं ऐकत होते. पेटी उचलायला मात्र आम्हीच होतो, मी आणि आमचे तीन भाचे, सगळे मंडळीतले. खड्ड्याशी आलो आणि सवयीनं वळलो, जन्मभर वळत आलो तसे, पाय पूर्वेकडे करून. बहाई लोकांच्यात पाय त्यांच्या पवित्र स्थळाकडे करतात, म्हणजे इथून पश्चिमेला. त्यांनी पाहिलं, पण दुःखात असलेल्या माणसांना कसं टोकायचं म्हणून ते गप्प राहिले. पेटी दोरावर घेतली होती. तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला, "फिरवा. त्यायचे पाय तिकडं." आम्ही पेटी परत वर घेतली आणि फिरवली. भाचे रडत होते. मी दोराची गाठ नीट बसली की नाही ते पाहत होतो.

आता रविवारचं मटण वहिनी करते. मीठ कमी असतं, मी बोलत नाही. वाद घालायला समोर कोणी नाही, त्यामुळे जेवण लवकर आटोपतं. गेल्या रविवारी मी न राहवून विचारलं, की लिली तिकडे पूर्वेला पाय करून, दादा इकडे पश्चिमेला, मधे सगळं शहर... तुला वाईट नाही वाटत?

तिनं माझ्या ताटात रस्सा वाढला.

"वाटते न. मले पोरीजवळच ठेवजा तुमी, आपल्या रीतीनं. तुतारी वाजली का आमी दोघी उठू अन् अगोदर तिकडं जाऊ. त्यायचं तोंड दुसऱ्या बाजूनं हाय, त्यायले उजाडलेलं दिसणार नाई. पोरगी हात धरून उठवन त्यायले."

माझ्या तोंडात घास होता. तो काही केल्या गिळवेना.