कँडीला परत जाताना

मी कँडीला परत निघालो तेव्हा वस्तीनं माझा सत्कार ठेवला. श्रीलंकेतल्या त्या शहरात पाली आणि विनय, म्हणजे भिक्खूंचे नियम, शिकायला पहिल्यांदा गेलो, तेव्हा फाट्यावर सोडायला एकटी आई होती. आता सुट्टीला आलो ते अंगावर चीवर आणि डोक्याचा गोटा करून, तर सगळ्यांना एकदम माझा अभिमान वाटायला लागलेला.

कँडी मला फार आवडतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी कडूच बोलणार आहे. तळ्याकाठचा रस्ता, सकाळी निळ्या कमळांच्या परड्या मांडून बसलेल्या बाया, ग्रंथालयातला जुन्या लाकडाचा वास. भिक्षापात्र घेऊन दारात उभं राहिलं की म्हातारी माणसं चपला काढून वाढायची. माझ्या आजोबांसाठी आमच्या लोहाऱ्यातल्या हॉटेलात कान तुटलेला वेगळा कप असायचा. त्यांचा नातू पहिल्या दिवशी ते वाढणं बघून रडला. गावात आता सगळ्यांनाच कागदी कप आहेत. कुणाच्या मनात काय आहे ते कपावरून कळत नाही, एवढीच काय ती प्रगती.

मी अजून श्रामणेर, म्हणजे शिकाऊ. पूर्ण भिक्खू व्हायला उपसंपदा घ्यावी लागते. ती मी शिकत होतो त्याच विहारात मिळावी म्हणून तिथल्या थोरल्या भन्तेंकडं गेलो. त्यांनी चहा दिला, खुशाली विचारली आणि अगदी मायेनं म्हणाले, "तुमच्या घरचे पूर्वी काय काम करत?" मी खरं ते सांगितलं. मग ते म्हणाले की आमच्याकडं वरच्या शेतकरी कुळातल्यांनाच उपसंपदा देतात, जुनी रीत आहे. तुमच्यासारख्यांसाठी दुसरे विहार आहेत, तेही चांगले असतात. थोडक्यात, पाटीलकी तिथंही होतीच. 'तुमच्यासारखे' हा शब्द ऐकायला मी समुद्र ओलांडून गेलो होतो. चहा मात्र चांगला होता.

सत्काराच्या सकाळी वस्तीतल्या विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले. पंचशील मीच दिलं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील माझ्यामागं अख्ख्या वस्तीनं म्हटलं. लगेच नात्यातले एक रिटायर गुरुजी उठले. "आपले भन्ते अशा देशात चाललेत, जिथं कुणी जात इचारत न्हाय," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या आईचा चेहरा असा काही खुलला की मला गुरुजींचाच राग आला. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी पोरांच्या शिक्षणावर बोललो आणि खाली बसलो.

जीप यायला वेळ होता. घराच्या दारात आईनं मला तीनदा वाकून वंदन केलं. चीवर घेतलेल्या मुलानं आईच्या पाया पडायचं नसतं, आईनंच त्याच्या पडायचं. हा नियम अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. मला ती 'तुम्ही'च म्हणते.

"भन्ते, एक इचारू का? तिकडं खरंच कुणी जात इचारत न्हाय न्हवं?"

गुरुजींपुढं गप्प बसणं सोपं होतं. हिला नुसतं 'न्हाय' म्हटलं असतं, तर उरलेला जन्म ती तेवढ्यावर खुशीत राहिली असती. शेजारणींना सांगत फिरली असती. पण शील नुकतंच माझ्याच तोंडून गेलं होतं, आणि समोर आई होती. मी सगळं सांगितलं.

तिनं पदराचं टोक हातात घेतलं. मला वाटलं, आता रडेल. रडली नाही.

"मंग एवढ्या लांब कशापायी जाताव, भन्ते?" ती म्हणाली. "हे तर लोहाऱ्यातबी मिळतंय की."

मला ते शहर आवडतं, एवढंच उत्तर माझ्याकडं होतं. ते तिला सांगायची मला लाज वाटली.