शोभनाताईंच्या नाटकातले खुनी

शोभनाताईंना कुणी "जरा जमवून घ्या" म्हटलं की समजावं, आता ठिणगी पडणार. मी विभा. सौदीत अल-खोबरला त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचे, म्हणून छातीठोक सांगते. बाई मूळच्या चिपळूणच्या, तिथल्या एका खासगी दवाखान्यात नर्स. नवरा, दीनानाथ, म्हणजे गरीब गाय. बायकोविरुद्ध काही बोलायचं झालं तर आधी टीव्हीचा आवाज वाढवायचा.

आमचं मराठी मंडळ होतं, पण त्याला पाटी नव्हती. तिथे गणपती उघड बसवायची सोय नाही, म्हणून मंडळाचा प्रत्येक कार्यक्रम हा कुणाचा तरी वाढदिवस असायचा. बाहेर फुगे, टेबलावर केक आणि आत आरती. माझी लेक कीर्ती एका वर्षात तीनदा सात वर्षांची झाली! या वाढदिवसांना नाटक लिहायच्या शोभनाताई.

२००४ साली त्यांनी मॉर्मनांचं, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाचं, नाटक लिहिलं. म्हटलं, बाई गं, हे कुठून काढलंत? तर दवाखान्यात एक अमेरिकन म्हातारी होती, युटाची, त्याच पंथातली. तिनेच सांगितलं होतं. १८५७ साली तिकडे रानात मॉर्मन वसाहतवाल्यांनी कॅलिफोर्नियाला निघालेला गाड्यांचा एक तांडा अडवला. काही दिवस वेढा घातला. मग पांढरं फडकं घेऊन पुढे गेले, म्हणाले, बंदुका द्या, सुखरूप पोचवतो. त्या बिचाऱ्यांनी दिल्या, आणि यांनी शंभरावर माणसं मारली, बायकांसकट. अगदी लहान पोरं तेवढी जिवंत ठेवली. म्हातारीचे पणजोबा त्या मारणाऱ्यांत होते. "रोज प्रार्थना करणारी, साधी शेतकरी माणसं होती ती," म्हणायची आणि रडायची. ताईंना ते फार लागलं.

तालमी सुरू होतात न होतात, तोच मे महिन्यात आमच्याच शहरात बंदूकधारी घुसले आणि त्यांनी धर्म विचारून माणसं मारली. आमची पाचावर धारण बसली. पोरांना शाळेत धाडेना कुणी. त्या दिवशी ताई ड्यूटीवर होत्या. त्यांच्या बरोबरची नर्स मासूमा, आपल्या सोलापूरची, त्यांना स्वतःच्या घरी घेऊन गेली आणि सगळं शांत होईपर्यंत तिने त्यांना दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही.

नाटक व्हायचं होतं मंडळातल्या देवदत्तच्या हॉलमध्ये. त्याला कंपनीचा मोठा व्हिला. अथर्वशीर्ष तोंडपाठ, संकष्टी कडक, आणि मुख्य भूमिकेची हौस तर विचारूच नका. पांढरं फडकं घेऊन जाणाऱ्या पुढाऱ्याचं काम त्याचंच होतं. तांड्यातली बाई होती त्याची बायको स्मृती.

एका तालमीला हा पिशवी घेऊन आला. आत थोब, सौदी पुरुष घालतात ते पांढरे झगे. "ताई, मारणाऱ्यांना हे घालू. लोकांना बरोबर कळेल. आणि यंदा मासूमाला नका बोलावू, उगाच ऑकवर्ड होईल."

अण्णासाहेब आमचे अध्यक्ष. ते लगेच म्हणाले, "शोभनाताई, जरा जमवून घ्या."

झालं! ताईंनी पिशवी उचलली आणि देवदत्तच्या मांडीवर आदळली.

"त्या लोकांनी काय केलं होतं ठाऊक आहे? तोंडं रंगवली, तिथल्या मूळच्या लोकांचं सोंग घेतलं आणि आळ त्यांच्यावर ढकलला. तू तेच करतोयस, देवदत्त! खून करणार आपण आणि कपडे दुसऱ्याचे? आरतीला घालतोस तो लेंगा-झब्बा घालून ये. आणि मासूमा पहिल्या रांगेत बसेल."

"मग माझा हॉल नाही मिळायचा."

"नको. मंडळाचा वाढदिवस नको मला. माझा वाढदिवस माझ्या घरी करीन. ज्याला यायचं त्याने यावं."

मला तर इतका आनंद झाला की काय सांगू! पण रात्री भीतीही वाटली. मंडळ तुटलं तर या परक्या मुलखात बाईला कोण उरणार? मी तसं म्हटलंही. "मासूमा उरेल," त्या म्हणाल्या. "ती खाली मान घालून माझ्या दारातून परत गेली, तर मंडळ घेऊन काय चाटायचंय?"

त्या शुक्रवारी दीनानाथरावांनी मुकाट्याने सोफा गॅलरीत ढकलला. लोक आले, अण्णासाहेबही आले, चोरासारखे. दिवाणखान्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. मासूमा पुढे, सतरंजीवर. आणि ऐन वेळी दारात देवदत्त, झब्बा घालून! चेहरा फुगलेला. पण भूमिका सोडवेना आणि स्मृतीने घरी काय ऐकवलं होतं ते तिलाच माहीत.

तो फडकं धरून पुढे आला. तालमीत ओरडायचा, त्या दिवशी हळू बोलला. "बहिणी, आम्हीही देवाला मानणारी माणसं आहोत. तुझ्या लेकरांच्या केसालाही धक्का लागणार नाही. ठेव ती बंदूक." अगदी आरतीनंतर प्रसाद देताना बोलतो तसा. स्मृतीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि बंदूक ठेवली. मग त्याने इशारा केला आणि दिवा गेला.

दिवा लागला तेव्हा अण्णासाहेब चष्मा पुसत होते. ताई कोपऱ्यात हाताची घडी घालून उभ्या होत्या, कोण काय म्हणतं बघूच, अशा.

मासूमा उठली आणि सरळ देवदत्तपुढे गेली.

"भाऊ," ती म्हणाली, "मी विश्वास ठेवला तुमच्यावर. माझ्या हातात बंदूक असती ना, तर मीही ठेवली असती."

देवदत्त तसाच उभा राहिला, आपल्या आरतीच्या झब्ब्यात.