मी खाल्लेले गोल

फॉरवर्डचे किस्से दुसरे सांगतात, गोलकीपरचे मात्र त्याचे त्यालाच सांगावे लागतात. कारण घोळ होतो तेव्हा तोच एकटा तिथे असतो! कॅनडात, ओटावाजवळच्या कनाट्यातल्या आमच्या मराठी सॉकर टीममध्ये मी सहा वर्षं गोलमध्ये उभा राहिलो. टीम सगळी चाळिशीपुढची. आठवडाभर स्क्रीनसमोर बसायचं आणि रविवारी सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून धावायचं. चार मित्र जमले की माझा एखादा किस्सा निघतोच, त्याला धरून दुसरा येतो. मीही हसत सांगतो. पण घरी जाताना कान गरम झालेले असतात.

सुरुवातच थापेनं झाली. आमचा कॅप्टन नीलेश नागपूरचा. पहिल्या दिवशी तो ओरडला, "गोलमध्ये कोण जाते बे?" लगेच सगळे खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधायला लागले. मी म्हणालो, "मी युनिव्हर्सिटीला खेळलोय." टाळ्या पडल्या, ग्लोव्हज मिळाले.

पहिल्या मॅचला नऊ गोल खाल्ले. पार्किंगमध्ये नीलेशनं हळूच विचारलं, "युनिव्हर्सिटीला काय खेळत होता बे तू?"

"बुद्धिबळ," मी म्हणालो.

*

विंटरमध्ये बाहेर बर्फ, म्हणून आम्ही डोमच्या, म्हणजे हवा भरलेल्या मोठ्या तंबूच्या आत खेळतो. एकदा हाफटाइमला मी वॉशरूमला गेलो. थर्मल, त्यावर ट्रॅक पँट, त्यावर शॉर्ट्स. उतरवायला आणि चढवायला वेळ लागतोच ना! परत येतो तर मॅच चालू आणि आपला गोल सताड उघडा. कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं! मी धापा टाकत जागेवर पोहोचलो आणि मिनिटाभरात गोल खाल्ला.

मॅच संपल्यावर नीलेश म्हणाला, "तू नव्हता ते पाच मिनिटं एकही गोल नाही झाला बे!"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

*

आमच्या शेजारी आर्थर राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे, जन्म इंग्लंडमधला. त्यांचे वडील दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथल्या एका छोट्या गावाच्या क्लबचे गोलकीपर होते. आठवडाभर कोळशाच्या खाणीत काम, शनिवारी मॅच. हातात ग्लोव्हज नाहीत, अंगात लोकरीचा स्वेटर, आणि चामड्याचा बॉल पावसात भिजून दगडासारखा जड व्हायचा. एकदा पहिल्या हाफमध्येच त्यांची दोन बोटं मोडली. तेव्हा बदली खेळाडू देत नसत. बोटं रुमालानं बांधून ते शेवटपर्यंत खेळले.

हे आर्थर मला सांगत होते तेव्हा मी घरी बसलो होतो. नख उलटलं म्हणून मॅच अर्ध्यात सोडून आलो होतो!

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुमच्या वडिलांनी किती गोल वाचवले असतील?"

आर्थर म्हणाले, "वाचवलेले माझ्या आईला पाठ होते. वडिलांना फक्त खाल्लेले आठवायचे. म्हातारपणी जेवता जेवता मध्येच म्हणायचे, 'तो माझाच होता. मी पुढे यायला हवं होतं.'"

*

हेमंत कोल्हापूरचा, नुकताच इकडे आलेला. बायको आणि तो, दोघंच. ओळखीचं कोणी नाही. डिफेन्समध्ये जीव तोडून खेळायचा. एका मॅचला बॉल सरळ माझ्याकडे आला. अगदी सरळ! मी डोळे मिटले. बॉल हातातून निसटून आत गेला. डोळे उघडले आणि पहिली गोष्ट काय केली, तर ओरडलो, "हेमंत! तुझा माणूस सोडलास कुठे?"

पुढच्या शनिवारी तो बायकोला घेऊन आमच्या घरी आला. हातात बटाटेवड्यांचा डबा.

"दादा, त्या दिवशी माझ्यामुळं गोल झाला. मनाला लागून राहिलंय बघा."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनानं म्हणालो, "होतं रे असं कधी कधी."

चार वडे खाल्ले मी.

*

आणि मग ती समर लीगची फायनल. आयुष्यात पहिल्यांदाच आमची टीम तिथवर पोहोचली होती. एक-शून्य पुढे होतो, शेवटचं मिनिट. समोरच्या टीमच्या एका उंच खेळाडूनं हेडर मारला. मी मागे पडलो आणि बॉल गोललाइनच्या आतून ओढून काढला. चांगला हातभर आतून. रेफरीच्या समोर सात-आठ जण उभे होते. रेफरी पळत माझ्याकडे आली.

"कीपर, बॉल आत गेला होता?"

"नो."

"शुअर?"

"शुअर," मी म्हणालो.

शिट्टी वाजली. नीलेश चक्क रडत होता. हेमंतनं मला उचललं. तो उंच खेळाडू आला, हात पुढे करून म्हणाला, "गुड सेव्ह." मी हात मिळवला.

माझी बायको मधुरा गोलपोस्टला लागूनच उभी होती. सांगलीला माझे बाबा दर रविवारी तिच्या व्हिडिओची वाट बघतात, म्हणून ती शूट करते.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "बाबांना पाठवलास?"

"डिलीट केला," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "विचारलं तर सांगेन, बॅटरी संपली होती."