आईच्या सीड्या आणि बहिणीचा कॉम्प्युटर

सिनेमाची सीडी कॉम्प्युटरवर उतरवायची असेल, तर आधी ती कडेला धरून मऊ सुती कापडाने मधून बाहेरच्या बाजूला पुसावी. गोल गोल पुसू नये. मग आतली मोठी फाइल कॉपी करावी, सीडी बाहेर काढावी आणि ड्राइव्ह रिकामा असताना सिनेमा लावून बघावा. यातलं शेवटचं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि धाकट्या बहिणीला विचारायची माझी तयारी नव्हती.

आई तेव्हा माझ्याकडे पनवेलला राहायची. तिच्या गोळ्यांच्या वेळा, डॉक्टरांच्या तारखा, चष्म्याचा नंबर, सगळं माझ्या वहीत असे. तिच्या जुन्या सिनेमांचीही यादी होती. कोणत्या सिनेमाच्या किती सीड्या, कुठली कुठे अडकते. आई रोज दुपारी एक सिनेमा बघायची, त्यामुळे निम्म्या सीड्या ओरखड्यांनी भरल्या होत्या आणि दुकानात त्या आता मिळत नव्हत्या.

बहीण खारघरला. गोळ्यांची वेळ कधी तिच्या लक्षात राहिली नाही. पण तिने नवा कॉम्प्युटर घेतला आणि आईचे चार सिनेमे त्यात भरून ठेवले. दर शनिवार-रविवार तिकडे राहायला जाणारी आई परत येऊन सांगू लागली, "तिच्याकडे मधेच अडकत नाही गं. सीडी बदलायला पण उठावं लागत नाही."

पाठोपाठ बहिणीचा फोन. "ताई, उरलेल्या सीड्या पण पाठव ना आईबरोबर. मी भरून ठेवते. मग आई आली की महिनाभर राहील निवांत."

"काही गरज नाही. मी स्वतः करणार आहे," मी म्हटलं.

महिनाभर राहील! आई तिकडेच रमेल, या एका धास्तीने मी पंधरा दिवसांत कॉम्प्युटर आणला. चार रविवार बसले. सीडी घालायची, फाइलवर उजवं बटण दाबायचं, 'डेस्कटॉपवर पाठवा' म्हणायचं, नाव बदलायचं, लावून बघायचं, वहीत खूण करायची. सिनेमा लगेच सुरू व्हायचा. एवढ्या भराभर काम होतंय म्हणून मी स्वतःवर खूश होते. बहीण म्हणाली होती, एकेका सीडीला दहा मिनिटं लागतात. तिला काय येतंय, असं मला वाटलं.

सगळ्या खुणा झाल्यावर सीड्या घरात ठेवायच्याच नाहीत असं ठरवलं. ठेवल्या असत्या तर आज ना उद्या खारघरला गेल्या असत्या. उरणजवळच्या मोऱ्याहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना त्या पिशवीभर देऊन टाकल्या. त्या हरखल्या. "आमच्याकडं पोरी बगतील ना, ताई!"

मंगळवारी सुट्टी होती. आईला खुर्चीत बसवलं आणि तिचा आवडता सिनेमा लावला. पडद्यावर सूचना आली: सीडी घाला. दुसरा लावला, तिसरा लावला, तेच. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक बारीक बाण होता, तो मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. मी सिनेमे उतरवलेच नव्हते, सीडीकडे जायचा नुसता रस्ता साठवला होता. सीडी आत असतानाच तपासत होते, म्हणून सगळं चालत होतं.

मावशींना गाठलं. "त्या? आमी कोळीवाड्यात वाटल्या," त्या म्हणाल्या. "आता कोनाकडं काय हाय, मी कसं सांगू? नाय मिलायच्या."

शेवटी बहिणीला फोन केला. ती हसली. "अगं, माझ्याकडे आहेत की सगळे. आई दर शनिवारी दोन-तीन सीड्या आणायची. साडीच्या घडीत घालून. तू देणार नाहीस म्हणाली."

वहीत प्रत्येक सीडी जागच्या जागी होती, कारण सोमवारी आई ती परत ठेवत होती. माझ्या घरात, माझ्यापासून लपवून. याचा राग मला सिनेमे गेल्यापेक्षा जास्त आला. आणि तो आईवर काढता येईना, म्हणून बहिणीवरच आला.

शनिवारी कोऱ्या सीड्यांची चळत घेऊन मी आईबरोबर खारघरला गेले. बहीण एकेक सीडी भरून देत होती. बाहेरच्या खोलीत आई टीपॉयवर पाय टाकून बसली होती. माझ्याकडे ती पाय कधी वर घेत नसे.

"उद्या संध्याकाळी निघू या?" मी विचारलं.

"दिवाळीपर्यंत राहते गं इथेच," ती म्हणाली. "तुझ्याकडे सगळं नीट असतं, त्यात काही नाही. पण इथं मला कुणी विचारत नाही, काय बघितलंस, कुठे ठेवलंस."

मी बहिणीकडून कागद मागून घेतला आणि आईचं सगळं क्रमाने लिहून दिलं: गोळ्या, पथ्य, डॉक्टरांची तारीख, रात्री उशाशी पाण्याचा तांब्या. दुपारी तळपायांना खोबरेल चोळलं की आई आपणहून बोलायला लागते, हे मात्र लिहिलं नाही.